मीनलचे तीन कलावंत आणि एक बडग्या

अरुण आणि रेवा,

तुमच्या आईने विचारले आहे, की नागपूरहून येऊन महिना झाला तरी आजीकडून काहीच कसे आले नाही. आले नाही, कारण मी हे लिहीत होते. टोरांटोला पाठवते त्या नेहमीच्या निळ्या पत्रात मावणारी ही हकीकत नाही. वाचताना कुठे अडलात तर आईला विचारा. तिला मराठी मीच शिकवले आहे, त्यामुळे ती अडणार नाही.

तुमचा मधूमामा दहा वर्षांपूर्वी बँकेच्या बदलीने नागपूरला गेला आणि तिथेच राहिला. शैलामामी आणि तुमची मामेबहीण मीनल यांना तुम्ही फोटोत पाहिले आहे. मीनल आता चित्रकलेच्या कॉलेजात आहे. पोळ्याच्या आधी मधूचा ट्रंककॉल आला. खरखर फार होती, पण एवढे कळले की, 'आई, पोळ्याला ये, आणि येऊन एक निकाल दे.'

धरमपेठ

सातारा महाराष्ट्राच्या एका टोकाला आणि नागपूर दुसऱ्या. मधल्या प्रवासाचे वर्णन करीत नाही. माझ्या फिरकीच्या तांब्याचे झाकण गाडीत हरवले, तेवढेच नुकसान झाले.

नागपूरचे रस्ते रुंद आहेत आणि दोन्ही बाजूंना जुनी झाडे आहेत. स्टेशनवरून येताना मधू रिक्षावाल्याशी हिंदीत बोलत होता आणि रिक्षावाला त्याला मराठीत उत्तर देत होता. दोघांनाही त्यात काही वावगे वाटले नाही. भादवा लागायला आला होता, तरी उकाडा असा, की त्यापुढे आपल्या साताऱ्याचा मे महिना थंड म्हणावा.

सकाळी मीनलने कोपऱ्यावरून तर्री-पोहे आणले. आपण पोह्यांवर ओले खोबरे घालतो. इथे हरभऱ्याचा लालभडक रस्सा ओततात. पहिल्याच घासाला माझ्या डोळ्यांतून धारा लागल्या. 'आजी, रडून काहून राहिली?' मीनलने विचारले. शैला आतून म्हणाली, 'घरात नीट बोल.' पण दहा वर्षे ज्या गावाचे पाणी प्यायले, त्याची भाषा जिभेवर येणारच. मी पोहे संपवले. दुसऱ्या दिवशी पुन्हा मागवले.

निकाल कशाचा, ते मधूने जेवताना सांगितले. परीक्षा लांबल्यामुळे यंदा पोळ्यानंतर कॉलेजचे तिसरे वर्ष सुरू होणार. मीनलला पुढे जायचे होते. मधूचे मत होते, की दोन वर्षे पुरे झाली. आता टायपिंगचा क्लास लावावा आणि बँकेच्या परीक्षेला बसावे. त्यातच तिच्या सरांनी सुट्टीचे काम दिले होते. आज हयात असलेले आणि काम करणारे तीन कलावंत किंवा डिझाइनर निवडायचे, ज्यांच्यामुळे आपल्याला काम करावेसे वाटते, आणि त्यांच्यासोबत काही दिवस घालवायचे. वर्गातल्या इतरांनी मासिके चाळून मुंबईची मोठी नावे निवडली होती. मीनलने तिघेही नागपुरातलेच निवडले.

मधू म्हणाला, 'एक रेल्वेत नकाशे काढतो. एक बाई लुगड्याचे काठ काढते. आणि तिसरा पाट्या रंगवतो आणि पोळ्याला बाहुलं करतो. ते बाहुलं लोक जाळतात. त्यातून हिला स्फूर्ती मिळते म्हणे. आई, तू हिच्याबरोबर फिर, ती माणसं बघ आणि मला सांग. तू म्हणशील तसं करू.'

मीनल पानातल्या भाताकडे बघत राहिली. मी म्हटले, बघते.

दुपारी गवार निवडताना शैलाने आणखी एक गोष्ट सांगितली. मीनल शाळेत होती तेव्हा दर रविवारी मधू व्हरांड्यात पेपर घेऊन बसायचा आणि ती समोर बसून त्याला काढायची. एक पत्र्याची ट्रंक त्या कागदांनी भरलेली आहे. कॉलेजवरून वाद सुरू झाल्यापासून मधू पेपर आतल्या खोलीत वाचतो. 'तो काही बोलत नाही, तीही काही बोलत नाही, आणि व्हरांड्यातली खुर्ची नुसती पावसात भिजते,' शैला म्हणाली.

नंदनवन

रेल्वेत नकाशे काढणाऱ्या गजभिये यांचे घर नंदनवनात, शहराच्या पूर्वेला. वस्ती नवी आहे. अर्धी घरे बांधून झालेली, अर्धी विटांच्या ढिगात. गजभिये तिशीचे, बारीक आणि कमी बोलणारे. बोलण्याचे काम त्यांची आई करते.

'ये वं बाई, बस. पोरीची आजी काय तू?' म्हातारीने माझ्यासाठी खाट झटकली. छप्पन साली इथे लाखो लोकांनी बौद्ध धम्म स्वीकारला, त्या दिवशी ती तिथे होती. 'मी होती तिथं. याचा बाप याले खांद्यावर घेऊन उभा होता. याले काही दिसलं नाही म्हणते. खोटं. सगळं दिसलं, म्हणून तर काढून राहिला.' मग तिने चहा ठेवला, आणि ठेवता ठेवता माझ्याकडे न बघता विचारले, 'चालते ना तुमाले आमच्या घरचा?' मी म्हटले, चालतो, फक्त साखर कमी. तिने साखर कमी घातली नाही. नागपुरात कमी साखरेचा चहा म्हणजे पाहुण्याचा अपमान, असे नंतर कळले.

मागच्या खोलीत भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक फळी उभी होती. एका विहारासाठी ते चित्र काढत होते. निळी पार्श्वभूमी आणि त्यावर पांढऱ्या कपड्यांतली गर्दी. जवळ जाऊन पाहिले तर एकालाही चेहरा नव्हता. होते ते हात. जोडलेले, उंचावलेले, दुसऱ्याच्या खांद्यावर ठेवलेले, मूल सावरणारे. खांद्यावर बसलेल्या मुलाला तेवढेच दिसले असणार. मी पुष्कळ चित्रे पाहिलेली नाहीत. पण त्या फळीसमोरून मी हलायचे विसरले.

मीनलने आपली वही पुढे केली. गजभिये पाने उलटत गेले आणि शेवटी म्हणाले, 'हात कुठं आहेत?'

मीनलला कळेना.

'सगळी माणसं हात लपवून बसली आहेत. कोणाचे खिशात, कोणाचे पाठीमागं. हा माणूस तर प्रत्येक पानावर पेपराच्या आड. चेहरा कोणीही काढते. हाताशिवाय माणूस खोटा वाटते.'

म्हातारी दारातून म्हणाली, 'पोरीले रडवू नको गा.' पण मीनल रडत नव्हती, लिहून घेत होती. परत येताना रिक्षात ती माझा छत्री धरलेला हात बघत होती. मी मूठ न हलवता ठेवली.

गोळीबार चौक

वंदना पराते ही विणकराची मुलगी. वय फार तर अठ्ठावीस. अहमदाबादेला डिझाइनचे शिक्षण घेऊन आली आहे आणि लुनावरून हिंडते. आम्हाला चौकातून घ्यायला ती लुनावरच आली आणि मला मागे बसायला सांगितले. मी नकार दिला. मग ती लुना हाताने ढकलत आमच्याबरोबर घरापर्यंत चालली.

घराच्या पुढच्या खोलीत माग. तिचे वडील मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसले होते आणि धोटा इकडून तिकडे पळत होता. खोलीत बोलायचे तर दोन धोट्यांच्या मधल्या वेळात बोलावे लागते. या लोकांना त्याची सवय आहे. त्यांची वाक्ये त्यामुळे तोकडी असतात.

वंदनाने चौकटीच्या कागदावर काढलेला एक काठ दाखवला. काळ्या-पांढऱ्या तिरक्या पट्ट्या, मधे लाल ठिपका. रेल्वेच्या फाटकावरून तिला तो सुचला होता. गावाच्या मधोमध रेल्वे असल्यामुळे नागपूरकराचे अर्धे आयुष्य फाटकाशी उभे राहण्यात जाते, असे तिचे म्हणणे.

'मी हिले म्हटलं,' वडील म्हणाले. धोटा गेला, आला. 'फाटक अंगावर घालून लग्नाले कोण बाई जाईल?'

'तुमची बहीण गेली ना, बाबा.'

'थे माह्या बहिणीले काही समजत नाही म्हणून.'

आत्याबाईंचे लुगडे लग्नात सगळ्या बायकांनी हातात धरून पाहिले, आणि आता वडील तोच काठ विणत होते. वंदना हळूच म्हणाली की तो काठ आपल्यालाच सुचला, असे ते आताशा गिऱ्हाइकाला सांगतात. 'काठ काढायला मला एक दिवस लागतो, आजी. बाबांना पटवायला दोन महिने. कॉलेजात हा विषय नव्हता.'

तिथे आम्ही वडाभात जेवलो. डाळींचे वडे भातावर कुस्करतात आणि वरून हिंगाचे कडकडीत तेल ओततात. साधा पदार्थ, पण आपल्याकडे कोणाला सुचलेला नाही.

रिक्षात मीनल म्हणाली, 'तिचे बाबा विणतात तरी. माझे बाबा बघतही नाहीत.' दोन्ही बाजूंचे मुद्दे मी मनात मांडत होते आणि एवढ्यात कोणत्याही बाजूला पारडे झुकू द्यायचे नव्हते.

महाल

आता बडग्या म्हणजे काय ते सांगते, कारण हे आपल्याकडे नाही, आणि टोरांटोत तर नाहीच.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबतींची मिरवणूक निघते. मारबत ही बाईची प्रचंड मूर्ती. एक काळी आणि एक पिवळी. वर्षभराची ईडा-पीडा घेऊन जा, असे लोक तिला ओरडून सांगतात आणि शेवटी तिला जाळतात. तिच्यासोबत पुरुषांच्या मूर्ती असतात, त्यांना बडग्या म्हणतात. ज्याने त्या वर्षी लोकांना छळले त्याचा बडग्या करायचा, अशी रीत आहे. प्रत्येक मोहल्ल्याचा बडग्या वेगळा. यंदा गुलाबराव निमजे यांच्या मोहल्ल्याने मातीच्या तेलाचा साठेबाज करायचे ठरवले होते. मातीचे तेल म्हणजे आपले रॉकेल.

गुलाबराव स्वतःला आर्टिस्ट गुलाब म्हणवतात. पन्नाशीचे, केस काळे केलेले, बोटात दोन अंगठ्या. महालातल्या एका गल्लीत त्यांची कार्यशाळा आहे. वर्षभर दुकानांच्या पाट्या आणि सिनेमाची पोस्टरे, आणि पोळ्याला बडग्या. प्रत्येक कामावर ते लफ्फेदार सही करतात. बडग्याच्या हनुवटीखालीही करतात. दोन दिवसांत जळणाऱ्या वस्तूवर सही कशाला, असे मी विचारले.

'मॅडम, जळण्याच्या आधी सारं नागपूर पाहते ना. तुमच्या म्युझियमात किती लोक जाते?'

मी मागे टेकले, ते नेमके ओल्या पाटीला. माझ्या पांढऱ्या पातळाच्या पाठीवर शिंप्याच्या दुकानाचे अर्धे नाव उलटे उमटले. गुलाबरावांनी रॉकेलने ते पुसायचा प्रयत्न केला आणि डाग अक्षरांपेक्षा मोठा झाला.

बडग्याचे धड तयार होते. बांबूच्या कमच्यांचा सांगाडा, त्यावर कागद आणि कापड, पोट नगाऱ्यासारखे, दोन्ही काखांत रॉकेलचे डबे. डोके वेगळे करून स्टुलावर वाळत ठेवले होते. कागदाच्या लगद्यातून ते मीनलने केले होते. 'चेहरा तू कर, असं मीच म्हटलं हिले,' गुलाबराव म्हणाले. 'या पोरीच्या बोटात काही तरी हाय. पाहा थे नाक.'

मी नाक पाहिले. मग कान पाहिला. डावा कान डोक्यापासून जरा सुटलेला, पुढे झुकलेला. तो कान मी मधू जन्मला त्या दिवसापासून ओळखते. महिनाभर टोपडे घट्ट बांधून त्याला मागे वळवायचा प्रयत्नही केला होता. भुवयांच्या मधली उभी आठी, पातळ ओठ, सगळे होते. स्टुलावर माझ्या मुलाचे डोके वाळत होते.

'मीनल,' मी म्हटले, 'हा कोण आहे?'

'साठेबाज.'

'नीट बघ.'

तिने पाहिले आणि खाली बसली. तिने जाणूनबुजून केले नव्हते, हे तिच्या तोंडावरून कळत होते. आयुष्यात तिच्यासमोर तासन् तास बसलेला पुरुष एकच. डोळे मिटून पुरुषाचा चेहरा करायचा म्हटला तरी तिची बोटे त्याच वाटेने जाणार.

'दुसरं डोकं करू, काका,' ती म्हणाली. 'हे फोडून टाका.'

गुलाबरावांनी मान हलवली. एकदा वाळलेले बडग्याचे डोके मिरवणुकीआधी फोडायचे नाही. फोडले तर तो जी पीडा घेऊन जाणार ती मोहल्ल्यातच राहते. ही रीत त्यांच्या मोहल्ल्याची की चांगल्या जमलेल्या डोक्यासाठी त्यांनी त्या क्षणी काढलेली, ते मला अजून कळलेले नाही. भर घालायला मात्र हरकत नव्हती.

'बाबांनी पाहिलं तर संपलंच,' मीनल म्हणाली. 'तिसरं वर्ष विसरा.'

तेव्हा उपाय मीच सुचवला. मिशी लावा. दाट, ओठांवर छपरासारखी उतरलेली, टोके वर न वळवलेली. मधू ओळखू येतो तो ओठांवरून, ते झाकले की झाले. कान राहील, पण मिरवणुकीत कान कोण बघतो? गुलाबरावांनी सुतळीचा गुंडा काढला. काळी करून उद्या लावतो म्हणाले. मी निश्चिंत होऊन घरी आले. घरी कोणाला काही सांगितले नाही.

पोळा

आपल्याकडचा बेंदूर आषाढातच होऊन जातो. इथला पोळा श्रावणाच्या अमावास्येला. शहरात बैल फारसे उरलेले नाहीत, तरी संध्याकाळी पाच-सहा जोड्या झुली पांघरून गल्लीत आल्या. शैलाने पुरणपोळ्या केल्या आणि दारात बैलांचे पाय धुतले.

मी मनात धरून होते की मधू मिरवणुकीला येणार नाही. दहा वर्षांत एकदाही गेलेला नव्हता. पण जेवताना तो म्हणाला, 'उद्या सुट्टी आहे. एवढ्या गर्दीत मी आईला एकटीला पाठवणार नाही.' मीनलच्या हातून वाढताना तूप सांडले. मी म्हटले, ये की.

इतवारी

वंदनाच्या आत्याबाईंचे घर इतवारीत, मिरवणुकीच्याच रस्त्यावर. त्यांच्या गॅलरीत आम्ही उभे होतो. मधू माझ्या शेजारी, मीनल त्याच्या मागे; शैला घरीच थांबली होती. फाटकाचा काठ असलेले लुगडे नेसून आत्याबाई सगळ्यांना चिवडा वाटत होत्या.

खाली माणूस दिसत नव्हता, नुसती डोकी. पिवळी मारबत आली तेव्हा बायकांनी लेकरांना उंच धरून तिचे दर्शन घडवले. जिला जाळायचे तिला नमस्कारही करायचा, हे मला समजायला थोडा वेळ लागला. मग एकेक बडग्या येऊ लागले. भेसळवाला आला, हुंडा घेणारा आला, नळाला पाणी न सोडणारा आला. लोक त्यांना मनसोक्त शिव्या देत होते. मधूला ते आवडत नव्हते, पण पाणी न सोडणाऱ्याला पाहून तो हसला.

त्यानंतर आमचा आला. पोट, डबे, सगळे ठीक. वर डोके लावलेले, आणि ओठांवर मी सांगितली होती तशीच मिशी.

मी गॅलरीचा कठडा धरला. मधू ओळखू येत नव्हता, हे खरे. मुलाचा चेहरा झाकायला मी जी मिशी लावायला सांगितली, ती तुमच्या आजोबांची होती. दुसरी कुठली मिशी मला ठाऊकच नव्हती. मीनल पाळण्यात असताना ते गेले. कचेरीतल्या माणसांच्या गटात मागच्या रांगेत नखाएवढा चेहरा, एवढाच त्यांचा फोटो आमच्याकडे आहे. तिला ते आठवत नाहीत, तुम्ही तर त्यांना पाहिलेलेच नाही. ते तसे दिसायचे. आयुष्यभर मामलेदार कचेरीत अव्वल कारकून होते आणि घरात रॉकेलचा दुसरा डबा कधी ठेवू दिला नाही. आणि आता काखेत दोन डबे घेऊन ते इतवारीतून चालले होते, आणि लोक त्यांना साठेबाज म्हणून शिव्या घालत होते.

मी मधूकडे पाहिले. त्याने हात जोडले होते. मग ते त्याच्या लक्षात आले आणि त्याने हात खाली घेतले.

'नाना,' तो म्हणाला. वडिलांना तो नाना म्हणायचा.

मीनल मागून म्हणाली, 'काय झालं?' खाली बडग्याच्या पुढे गुलाबराव गुलाल लावून नाचत होते. त्यांनी वर बघून मला हात केला.

'कुठं जाळतात?' मधूने विचारले.

आत्याबाईंनी जागा सांगितली. मी म्हटले, 'मला जायचंय.'

'आई, तिथं बायका...' तो बोलायला लागला आणि थांबला. आपल्याकडे बायका स्मशानात जात नाहीत. तुमचे आजोबा गेले तेव्हा मला माजघरातून उठू दिले नव्हते आणि अग्नी द्यायला मधूला एकट्याला पुढे जावे लागले होते. तो आणि मी त्याबद्दल कधी बोललो नाही. त्याने माझी छत्री घेतली आणि गर्दीतून वाट काढत पुढे चालू लागला.

मोकळ्या जागेत काळी आणि पिवळी आधीच पेटल्या होत्या. बडग्यांना एकेक करून लावत होते. आमचा आला तेव्हा आम्ही अगदी पुढे होतो. धग तोंडाला लागत होती. खालून पेटवले. डबे गेले, पोट गेले. आग वर चढली तशी सुतळीच्या मिशीने लगेच पेट घेतला. लगद्याला वेळ लागतो, सुतळीला नाही. मिशी भसकन जळून गेली आणि तुमचे आजोबा गेले.

खाली राहिला मधू. पातळ ओठ, आठी, कान. धुरात तो क्षणभर अगदी स्पष्ट दिसला.

मीनलने माझा हात इतका घट्ट धरला, की बांगडी रुतली. डोके कलले, आत पडले. लोक पुढच्या बडग्याकडे सरकले. आम्ही तिघे तिथेच उभे होतो.

'कान माझा होता,' मधू म्हणाला.

'हो,' मी म्हटले.

'आणि मिशी?'

'मिशी मी सांगितली.'

त्याने मीनलकडे पाहिले. ती म्हणाली, 'बाबा, मी मुद्दाम नाही केलं. मला दुसऱ्या कोणाचा चेहरा येतच नाही.'

तो राखेकडे बघत एवढेच म्हणाला, 'शैलाला सांगू नका.'

पण शैलाला कळलेच. गुलाबरावांनी आत्याबाईंना सांगितले, आत्याबाईंनी वंदनाला, आणि आमची विसरलेली डब्याची पिशवी द्यायला वंदना लुनावरून घरी आली. संध्याकाळी गल्लीतली मुले लाकडी बैल सजवून तान्ह्या पोळ्याचा बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागायला दारात आली, तेव्हा आत शैला मधूवरून मीठ-मोहऱ्या उतरवत होती. नवऱ्याचे डोके गावासमोर जाळले, आणि सासूबाई उभ्या राहून बघत होत्या, असे ती मीनलला सुनावत होती. मधू पाटावर बसला होता. मी मुलांना खाऊ दिला.

पुन्हा धरमपेठ

मी निकाल तयार ठेवला होता. गजभियांच्या हातांविषयी, वंदनाच्या वडिलांविषयी, टायपिंगविषयीही. शाळेत शिकवताना मी निबंधाचे मुद्दे जसे मांडायची, तसे ओळीने. मधूने ते विचारलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी, शनिवारीही नाही.

रविवारी सकाळी तो दाढी करून, पांढरा शर्ट घालून, पेपर घेऊन व्हरांड्यात गेला. पावसाने भिजलेली खुर्ची त्याने फडक्याने पुसली आणि बसला. पेपर उघडला. शैला स्वयंपाकघरातून बघत होती, मी देवघरातून.

'मीनल,' त्याने हाक मारली. 'कागद आण. आणि मिशी लावायची नाही.'

ती आली, समोर बसली, बोर्ड मांडीवर घेतला. पेन्सिल उचलली, पण काढायला सुरुवात केली नाही.

'काय झालं?' तो म्हणाला.

'बाबा, हात दिसत नाहीत.'

मधूने पेपरची घडी घातली, ती खाली फरशीवर ठेवली आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले.